तालयंत्राची सुधारित आवृत्ती आणि वादकसमाज : सारसोळे परिसराच्या संदर्भात

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले जातात. वाद्य कोठून आले, हा पहिला. आणि ते कोणाच्या हातून प्रतिष्ठेस पोहोचले, हा दुसरा. तबल्याची उत्पत्ती, हार्मोनियमचे आगमन, यांविषयी या दोन प्रश्नांना अनुसरून पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु वाद्य वादकाच्या घरात आल्यानंतर, त्याच्या आकारात वा वजनात तिळमात्र फरक न पडता, ते आतून बदलले तर काय होते, हा तिसरा प्रश्न विचारण्याचे कारण पूर्वी नव्हते. पखवाजाला कणीक लावणे, ढोलकीची शाई नव्याने भरून घेणे, तबला हातोडीने स्वरात मिळविणे, या सर्व क्रिया वादक स्वतः करतो किंवा त्याच्या डोळ्यांसमोर कारागीर करतो. वाद्याच्या निर्मात्याने वाद्य विकल्यानंतर चार वर्षांनी त्याच्या पोटातील आवाजांत फेरफार करावा आणि तो फेरफार हजारो वादकांच्या घरी एकाच वेळी पोहोचावा, ही गोष्ट विद्युत्-तालयंत्रांच्या युगातच शक्य झाली.

अशा यंत्राच्या पोटात जी आज्ञावली कायमची लिहिलेली असते तिला फर्मवेअर म्हणतात. कोणती कळ दाबल्यावर काय घडावे, कोणत्या आघाताला कोणता ध्वनी उत्तर देईल, तो किती जोराने आणि किती वेळ टिकेल, हे सर्व ती ठरविते. निर्माता तिची सुधारित आवृत्ती काढतो, तेव्हा वरकरणी तो काही दोष दूर करतो आणि काही नवे ध्वनी देतो. वादकसमाजात मात्र या साध्या घटनेचे पडसाद अपेक्षेपेक्षा बरेच खोल उमटतात. ते तसे का उमटतात, याचा भाषाशास्त्राच्या अंगाने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी आधार घेतला आहे तो सारसोळे व त्याच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांतील लग्नसंगीताचा.

सारसोळे हे आज नवी मुंबईच्या नेरुळ विभागात मोडणारे गावठाण आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, खाडीकाठच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन होऊ लागल्या, आणि मीठ, भात व मासळी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याभोवती क्रमाने सेक्टरांची आखणी झाली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. गाव आणि खाडी यांच्यामधून आता पामबीच मार्ग जातो. त्याच्या पलीकडे सारसोळ्याची जेट्टी आहे. शहर वाढले, जमीन गेली. पण लग्न, हळद, होळी आणि नारळी पौर्णिमा हे गावाचे स्वतःचे प्रसंग राहिले. संगीताच्या अभ्यासकाला या प्रसंगांत थरावर थर चढलेले दिसतात, आणि एकही थर खालच्या थराला पूर्णपणे झाकू शकलेला नाही.

सर्वांत खालचा थर धवळ्यांचा. आगरी लग्नात धवलारीण ही स्त्री विधींच्या क्रमाने धवळे गाते, आणि या गायनालाच पुष्कळ ठिकाणी मंत्रांचे स्थान असते. धवळे हा रचनाप्रकार मराठीत किती जुना आहे हे येथील वाचकांस सांगावयास नको. तेराव्या शतकातील महानुभाव पंथीय महदंबेचे धवळे हे त्याचे आपणांस ज्ञात असलेले आद्य उदाहरण होय. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, धवळ्याला तालवाद्याची गरज नसते. त्याची लय शब्दाच्या वजनात, ओळीच्या शेवटी लांबविलेल्या स्वरात आणि मागून ओळ उचलणाऱ्या बायकांच्या श्वासात असते. त्यावरच्या थरात ढोलकी, संबळ, ताशा येतात. मग ब्रास बँड. आणि मग ज्याला मुंबईत बेंजो म्हणतात ते वाद्य.

या बेंजोची हकीकत थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण पुढे जे घडले त्याची ती जणू पूर्वतयारी होती. हे वाद्य अमेरिकेतील बँजो नव्हे. जपानमधील नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो याने तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून एक वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानात ताइशो युग सुरू झाले, म्हणून त्यास ताइशोगोतो असे नाव पडले. भारतात ते बुलबुलतरंग या काव्यमय नावाने रुळले, आणि मुंबईच्या गिरणगावापासून खाडीकाठापर्यंत बेंजो या नावाने. लोकांनी वाद्य एका देशाचे घेतले आणि नाव दुसऱ्या देशाचे. शिवाय त्याला ध्वनिग्राहक जोडून, त्याचा आवाज कर्ण्यातून काढून, मिरवणुकीच्या गर्दीत गाण्याची चाल स्पष्ट ऐकू येईल असे त्याचे रूप घडविले. येथे फेरफार करणारा निर्माता नव्हता, तर वाजविणारा होता. ज्यांना नवे वाद्य म्हणजे लोकसंगीतावरील आक्रमण वाटते, त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीतील बेंजो पार्टी एकदा लक्षपूर्वक ऐकावी. परके वाद्य आपले करून घेण्यात हा समाज कधीच मागे नव्हता. म्हणून पुढे तालयंत्राच्या बाबतीत जी कुरकुर झाली तिला केवळ नवेपणाची भीती म्हणून मोडीत काढता येत नाही.

तालयंत्र मुंबईत प्रथम आले ते लग्नमंडपात नव्हे, तर चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणगृहात. १९७२ साली काकेहाशी इकुतारो यांनी ओसाका येथे रोलँड ही संस्था स्थापन केली. या संस्थेचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली बाजारात आले. त्यात एकही मुद्रित ध्वनी नव्हता. ढोल, झांज, टाळी, सर्व काही विद्युत्-मंडलांतून उत्पन्न होत असे. सुमारे १२,००० नग विकले गेल्यावर १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. याच सुमारास, १९८२ साली, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी हे तालयंत्र व त्याच संस्थेची अन्य दोन यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० साली तिचे पुनर्मुद्रण झाल्यावर युरोपातील श्रोते चकित झाले, कारण पुढे पाश्चात्त्य नृत्यसंगीतात जो ध्वनी रूढ झाला त्याचे साम्य त्यांना येथे आधीच ऐकू आले. मला या प्रसंगात दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. यंत्राला येथे रागाची साथ करावयास लावले गेले, परंतु ठेका मात्र यंत्राचाच राहिला. तबल्याची नक्कल करण्याचा प्रयत्न झाला नाही. यंत्राला यंत्र म्हणून वागविण्याचा हा प्रामाणिकपणा नंतरच्या काळात दुर्मीळ झाला.

वादकांची प्रतिक्रिया म्हणजे केवळ विरोध, असा समज आहे. त्याला आधार नाही असे नाही. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने १९८२ साली संश्लेषक व तालयंत्रे यांच्या वापरावर बंदी घालावी असा ठराव केला होता. तो संपूर्ण संघटनेचे धोरण बनला नाही. मुंबईत १९९० नंतरच्या दशकात मोठ्या वाद्यवृंदांची पद्धत झपाट्याने मोडली आणि शेकडो वादकांचे नित्याचे काम गेले. हे दुःख खरे आहे, आणि ते केवळ ‘काळाबरोबर चालावे’ या उपदेशाने हलके होत नाही. परंतु इतिहासाचा गुंता असा की, मुंबईच्या चित्रपटसंगीतात संश्लेषक आणणाऱ्या पहिल्या वादकांपैकी एक असलेले केरसी लॉर्ड हे स्वतः तालवादक होते आणि तालवादकाचेच पुत्र होते. यंत्र बाहेरून आले, पण दार आतूनच उघडले गेले.

हे सर्व तालयंत्राच्या आगमनाविषयी झाले. आपला प्रश्न आगमनाचा नसून बदलाचा आहे. त्यासाठी ज्या यंत्राकडे वळले पाहिजे त्याचे नाव ऑक्टोपॅड.

खरे पाहता ऑक्टापॅड हे रोलँडचे व्यापारनाम होय. १९८५ साली निघालेल्या पहिल्या ऑक्टापॅडवर दोन ओळींत आठ रबरी फलक होते, आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तारेने दुसऱ्या यंत्रास जोडल्यावर त्या यंत्रातील ध्वनी काठीच्या आघाताने वाजविता येत. निरनिराळ्या निर्मात्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली मिडी नावाचा जो संकेत ठरला, त्याच्या जोरावर हे शक्य झाले. पुढच्या यंत्रांत ध्वनी आतच आले, आणि १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये त्यांची संख्या ७०० झाली. आठ फलकांवर कोणते आठ आवाज असावेत याचे ९९ संच यंत्राच्या स्मृतीत ठेवता येतात. अशा एका संचाला वादक ‘पॅच’ म्हणतात. मराठीत या नावाचे ऑक्टोपॅड असे रूप झाले, आणि डालडा या शब्दाप्रमाणे ते कोणत्याही निर्मात्याच्या तशा यंत्राचे सामान्यनाम बनले. वाजविणारा तो ‘पॅडवाला’. महाराष्ट्रातील वाद्यवृंद, भजनी मंडळांचे नवे अवतार, लावणीचे कार्यक्रम आणि खाडीकाठच्या हळदी, या सर्व ठिकाणी एसपीडी-२० चा जो संचार झाला तसा त्यापूर्वीच्या कोणत्याही विद्युत्-वाद्याचा क्वचितच झाला असेल.

आता या यंत्रावर वादक कसा विचार करतो ते पाहू. तबल्याचा वादक ‘धा’ म्हणतो तेव्हा तो एका ध्वनीचे नाव घेतो. पण ते नाव स्वतःच त्या ध्वनीचे अनुकरण आहे. बोल आणि आघात यांचा संबंध पूर्णपणे यादृच्छिक नाही. ‘धिं’ उच्चारताना तोंडात जे घुमते त्याचे आणि बाँयावर जे घुमते त्याचे नाते कानाला पटते. म्हणूनच बोल मुखोद्गत करून मग हाताने काढावयाचा, ही आपली शिक्षणपद्धती शक्य झाली. ऑक्टोपॅडवर असे नाते नाही. तेथे ध्वनीला क्रमांक आहे आणि संचाला क्रमांक आहे. त्रेचाळीस या संख्येत ढोलकीचे काहीही नाही. तरीही दोनचार वर्षे एकच यंत्र वाजविणाऱ्या वादकाच्या मनात क्रमांकच बोलाची जागा घेतो. गायकाने चालीची पहिली ओळ धरताच त्याचा हात आकडा न आठवता कळीकडे जातो. चिन्ह आणि अर्थ यांच्यामधील यादृच्छिक पण समाजमान्य बंधनाविषयी आपण वर्गात जे शिकवितो, त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. आकडा हा येथे शब्द झालेला असतो.

आणि शब्द म्हटला की तो एकट्याचा राहत नाही. हळदीच्या कार्यक्रमांत वादक बदलतात. एकाच रात्री दोन ठिकाणी आमंत्रण असले तर कोणी तरी आपल्या जागी मित्राला बसवितो, यंत्र एकाचे असते आणि हात दुसऱ्याचा. अशा व्यवहाराला एक समान कोश लागतो. एसपीडी-२० ने तो नकळत पुरविला. यंत्रे निरनिराळ्या घरची असली तरी आतील ७०० ध्वनी तेच आणि त्याच क्रमाने. वादकाने आपल्या आवडीचे संच कितीही बदलले तरी मूळ ध्वनींचा क्रम त्याच्या आवाक्याबाहेर, आणि म्हणूनच सर्वांना समान होता. या यंत्राला संगणकाच्या जोडीने स्वतःला बदलून घेण्याची सोय नव्हती. कारखान्यात जे लिहिले ते कायम. निर्मात्याच्या दृष्टीने ही मर्यादा होती; वादकसमाजाच्या दृष्टीने ती हमी होती.

२०१० साली त्याच संस्थेचे एसपीडी-३० आले. ध्वनींचा दर्जा वरचा, फलक अधिक संवेदनक्षम, वाजविलेला ठेका जागच्या जागी मुद्रित करून त्याची आवर्तने फिरवीत ठेवण्याची सोय, आणि पेनड्राइव्ह लावण्याची खाच. या यंत्राची आज्ञावली बदलता येत होती, आणि काही वर्षांनी दुसरी आवृत्ती निघालीही. नवे संच व नवे ध्वनी असलेली ही आवृत्ती जुन्या ग्राहकांना विनामूल्य मिळाली. व्यवहारबुद्धीने पाहता यात तक्रारीस जागा नाही. फुकट मिळालेल्या घोड्याचे दात कोण मोजतो?

तरीपण वादकसमाजाचा अनुभव गुंतागुंतीचा असतो, आणि तो एकाच निर्मात्यापुरता मर्यादित नाही. आवृत्ती बदलण्याची क्रिया तशी साधी; परंतु ती चालू असताना वीज गेली तर यंत्र मुके होण्याचा धोका, आणि स्वतः रचलेले संच आधी अन्यत्र उतरवून ठेवले नाहीत तर तेही जाण्याचा धोका. कोकणपट्टीत लग्नसराई नेमकी त्या महिन्यांत असते ज्यांत विजेचा भरवसा कमी. म्हणून जाणता वादक हंगामाच्या मध्यावर यंत्राला हात लावू देत नाही. हे झाले भीतीचे कारण. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. नवी आवृत्ती बहुधा जुना ध्वनी काढून टाकीत नाही. ती त्याची पातळी थोडी बदलते, आघाताला मिळणाऱ्या प्रतिसादाची वक्ररेषा बदलते, किंवा नवे संच मध्ये घालून हाताच्या सवयीचा क्रम हलविते. ऐकणाऱ्याला यातील काहीही कळत नाही. वाजविणाऱ्याला मात्र ‘हात चुकतोय’ असे वाटते, आणि दोष आपला की यंत्राचा हे त्याला ठरविता येत नाही. मनगट ज्या जोराला सरावले आहे त्या जोराला आता निराळे उत्तर येते. लंडन वा न्यूयॉर्क येथील वादकांतही हीच चर्चा चालत आली आहे. १९८० साली मुद्रित ध्वनींचे पहिले व्यापारी तालयंत्र काढणारे रॉजर लिन यांनी पुढे अकाई या जपानी संस्थेसाठी १९८८ साली एमपीसी-६० घडविले. त्या मालिकेच्या उत्तरोत्तर यंत्रांत ‘झोल’ तोच राहिला की बदलला, याचा वाद तेथे दशके चालला आहे. स्वतः लिन यांनी त्यात काही गूढ असल्याचे मानलेले नाही. पण वादकांचे समाधान झाले नाही.

याच लिन यांच्या १९८२ च्या लिनड्रममध्ये ध्वनी बदलावयाचा तर आतील चकती काढून दुसरी बसवावी लागे. तेथे बदल दिसत असे, त्याची किंमत मोजावी लागे, आणि जुनी चकती डबीत जपून ठेवता येत असे. पेनड्राइव्हने झालेल्या बदलाला अशी डबी नाही. रोजच्या रियाजासाठी वापरली जाणारी विद्युत्-तबल्याची यंत्रे आणि दूरध्वनीवरील तबला-तानपुऱ्याची उपयोजने यांची गोष्ट तर त्याही पलीकडची आहे. तेथे आवृत्ती रात्रीतून, न विचारता बदलू शकते.

मराठी वाचकाला या अनुभवाची एक जवळची उपमा देता येईल. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम मांडले, शासनाने ते स्वीकारले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून गेले. नियम तर्काला धरून होते. तरीही ज्यांची बोटे चाळीस वर्षे ‘कां’, ‘नाहीं’ असे लिहीत आली होती, त्यांतील पुष्कळांनी शेवटपर्यंत तसेच लिहिले. तो केवळ हट्ट नव्हता; लिहिताना हात जेथे थांबत असे तेथे थांबण्याची त्याला सवय झाली होती. दुसरे उदाहरण अधिक नेमके. संगणकावर ‘ल’ या अक्षराचा संकेतक्रमांक मराठीत व हिंदीत एकच आहे. कोणती आकृती पडद्यावर उमटेल हे टंकाच्या आतील आज्ञावलीवर ठरते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे निश्चित केली, याचे कारण हेच की क्रमांक आपला असला तरी आकृती कोणाच्या तरी हातात होती. तालयंत्रात क्रमांक वादकाच्या डोक्यात आहे आणि ध्वनी हमामात्सूच्या कारखान्यात. फरक इतकाच की येथे शासननिर्णय काढणारे कोणी नाही.

संगीतातही अशी सुधारणा आपण पाहिली आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोन महाराष्ट्रीयांनी दोन निराळ्या स्वरलिपी रूढ केल्या. सम, खाली आणि मात्रा यांची चिन्हे दोहोंत वेगळी. पलुस्करांच्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीस, म्हणजे सारसोळ्यापासून काही किलोमीटरांवर आहे, आणि तेथील परीक्षार्थी आजही ताल चिन्हांनी लिहितो. घराण्यातील उस्तादांनी या लिप्यांकडे संशयाने पाहिले. परंतु लिपी बदलल्याने त्यांच्या गळ्यातील तान बदलली नाही. हार्मोनियमच्या वादातही तेच. आकाशवाणीने १९४० साली या पेटीला बाहेर ठेवले आणि १९७१ पर्यंत ठेवले, श्रुतींचा प्रश्न होता. तथापि पेटीच्या सुरांनी रात्रीतून जागा बदलल्याची तक्रार कोणी केली नव्हती. लिपी हे वर्णन होते, पेटी ही वस्तू होती. फर्मवेअर एकाच वेळी वर्णनही आहे आणि वस्तूही. ते सुधारले की दोन्ही हलतात.

अशा स्थितीत वादकसमाजाने काय केले? त्याने ठराव केला नाही, निवेदन दिले नाही. त्याने जुने यंत्र सोडले नाही, एवढेच. एसपीडी-३० बाजारात येऊनही एसपीडी-२० ची मागणी भारतात टिकून राहिली. १९९८ चे यंत्र दोन दशकांनंतरही मंडपात वाजत राहिले, ही विद्युत्-वाद्यांच्या व्यवहारात असाधारण गोष्ट होय. दूरध्वनी दोनतीन वर्षांत टाकून देणारा तरुण हेच यंत्र कापडात गुंडाळून ठेवतो. अखेर निर्मात्यासच मागे वळावे लागले. अलीकडे निघालेल्या एसपीडी-२० प्रो या यंत्रात जुन्या यंत्राचे ध्वनी कायम राखून नव्यांची भर घातलेली आहे. ‘प्रो’ या उपपदाखाली प्रत्यक्षात जुन्या कोशाला मान्यताच मिळाली. शब्दकोशकार नवी आवृत्ती काढताना जुना शब्द गाळत नाही, त्यापुढे खूण करतो; तसा हा प्रकार. भाषेत रूढी बलवत्तर ठरते असे आपण म्हणतो, आणि कारखान्याच्या बाबतीतही ती ठरू शकते याचा हा पुरावा होय. मात्र त्यामुळे हुरळून जाण्याचे कारण नाही. निर्माता वळला तो बाजार मोठा होता म्हणून. एखाद्या दहा गावांच्या ठेक्यासाठी तो वळणार नाही.

येथे सारसोळ्याच्या थरांकडे परत यावयास हवे. कोळीगीताचा ठेका बहुधा सहा मात्रांच्या चालीचा, दादऱ्याच्या नात्यातला. पण त्याची लज्जत मात्रांच्या संख्येत नाही. ढोलकीच्या धुमेवर तळहात दाबीत नेला की आवाज खालून वर चढतो. त्याला घिस्सा म्हणतात. हा घिस्सा पुढच्या थापेत मिसळतो, आणि थाप किती पुढे वा मागे पडली हे मागच्या घिश्श्यावर ठरते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ढोलकीत संधी आहे. दोन वर्ण शेजारी आले की दोहोंचे रूप पालटते. ऑक्टोपॅडवर मात्र घिस्सा हा एका फलकावरचा सुटा, तयार ध्वनी असतो आणि थाप दुसऱ्या फलकावर. काठी दोहोंवर आळीपाळीने पडते. वर्ण सगळे आहेत, संधी नाही. कुशल पॅडवाला ही उणीव वेळेच्या बारीक खेळाने भरून काढतो: एक आघात किंचित आधी, एक किंचित हलका, की कानाला दोहोंमध्ये सांधा आहे असा भास व्हावा. हा भास म्हणजे त्याची सारी विद्या होय, आणि ती त्याने त्या विशिष्ट यंत्राच्या विशिष्ट प्रतिसादावर उभारलेली असते. आवृत्ती बदलली आणि प्रतिसादाची रेषा हलली की मोडतो तो हा सांधा. ‘नवीन आवाज चांगला आहे, पण मजा नाही’ या नेहमीच्या तक्रारीचा अर्थ मला असा लागतो. जाणकारांनी तिला अडाणीपणाचे लक्षण मानू नये. ध्वनिविचार शिकलेल्या माणसाला तर ती चटकन समजली पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पॅडवाल्यांनी रचलेल्या संचांना लिखित परंपरा नाही. जुन्या यंत्रांतील संच वादकाच्या वहीत आकड्यांच्या स्वरूपात असले तर असतात: फलक क्रमांक, ध्वनी क्रमांक, स्वराची उंची. अशा वह्या पावसाळ्यात भिजतात, घर पाडून इमारत बांधताना रद्दीत जातात. नव्या यंत्रांतील संच पेनड्राइव्हवर असतात आणि पेनड्राइव्हवर दुसरे काही भरले की पुसले जातात. धवळ्यांचे संकलन करण्यासाठी आपल्याकडे अभ्यासक खाडीकाठच्या गावांत गेले, ते योग्यच झाले. पण त्याच अंगणात, त्याच रात्री, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वादकाची वही मागण्याचे फारसे कोणाला सुचले नाही. ती वही वाचावयास यंत्रही लागेल, आणि त्या आवृत्तीचेच लागेल. हस्तलिखिताबरोबर ते वाचणारी लिपीही जपावी लागते, हे मोडीच्या अभ्यासकांस सांगण्याची गरज नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडता, मनाई आहे. दहा वाजता वर्धकाची वीज बंद केली की ऑक्टोपॅडचे सर्व ७०० ध्वनी एकदमच थांबतात. काठी पडली तर रबरावर टप् असा आवाज येतो, इतकेच. ढोलकी उशाशी ठेवता येते आणि बोटांनी हळू वाजविता येते. आणि धवलारणीला वर्धकही लागत नाही. हळदीचे उरलेले विधी ती तशीच पुढे नेते.